घसा जळतोय, आणि शेजारच्या आजी म्हणतात ‘वारा आणि उष्णता’

पत्र : नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या चीनमध्ये, सुझोऊला राहतो. गेल्या आठवड्यात माझा घसा अचानक जळायला लागला आणि संध्याकाळपर्यंत ताप १००.८ झाला. शेजारच्या आजींनी जीभ बघितली, मनगट धरलं आणि ‘वारा आणि उष्णता’ असं निदान करून घरातल्या यिन-छियाओच्या गोळ्या आणून दिल्या. त्या दोन-दोन, दिवसातून तीनदा घेतल्या. सोबत आपली पॅरासिटामॉल ६५० चालू होतीच, शिवाय मैत्रिणीने दिलेली सर्दीची पुडी गरम पाण्यातून घेत होते. दोन दिवसांत बरी झाले, पण ते दोन दिवस मी इतकी झोपले की लेकाला बालवाडीतून आणायचंही शेजाऱ्यांनाच करावं लागलं. आता प्रश्न असे : हे औषध चांगलं का? साडेतीन वर्षांच्या मुलाला देता येईल का? पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत. त्यांना बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ‘वाऱ्यावरचं औषध’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांना ठेव. आणि दिवाळीत साताऱ्याला येताना नातेवाइकांसाठी दहा-बारा पाकिटं आणू का? – एक वाचक, सुझोऊ

उत्तर :

प्रश्न तुम्ही चार विचारलेत, पण माझं लक्ष अडकलं ते तुमच्या झोपेपाशी. तापात माणूस ग्लानीत असतो, हे खरं. तरीही यिन-छियाओच्या मूळ पाठात, म्हणजे घटकांच्या जुन्या कृतीत, झोप आणणारं काहीही नाही. त्यामुळे माझा पहिला संशय त्या पाकिटावर आहे.

चीनमध्ये यिन-छियाओ या नावाखाली दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक साधी, फक्त वनस्पतींची : यिन-छियाओ चिएदू. गोळ्या, दाणेदार पूड, मधात वळलेल्या मोठ्या गोळ्या, अशा सगळ्या रूपांत ती मिळते. दुसरी ‘व्हिटॅमिन सी यिन-छियाओ’. नाव वाचून वाटतं, तेच औषध, वर थोडं जीवनसत्त्व. प्रत्यक्षात तिच्या एका गोळीत वनस्पतींच्या अर्कासोबत ४९.५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १०५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि १.०५ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन असतं. क्लोरफेनिरामिन म्हणजे आपल्याकडच्या सर्दीच्या गोळ्यांतलं, नाक सुकवणारं आणि झोप आणणारं जुनं औषध. आणि मैत्रिणीची पुडी जर ‘कानमाओ लिंग’ असेल (तिथे घरोघरी तीच असते), तर तिच्या सर्वाधिक खपाच्या पुडीतही २०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आणि थोडं कॅफीन असतं.

आता बेरीज करू. तिन्ही गोष्टी दिवसातून तीनदा घेतल्या असं धरलं, तर पॅरासिटामॉल तुमच्या गोळीतून १९५० मिलिग्रॅम, यिन-छियाओतून ६३०, पुडीतून ६००. एकूण ३१८०. निरोगी प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मानतात, म्हणजे तुम्ही आत होतात. घाबरून यकृताच्या तपासण्या करायची गरज नाही. पण ताप चढला म्हणून आणखी दोन गोळ्या घेतल्या असत्या, किंवा कोणी चौथं ‘हर्बल’ काहीतरी हातावर ठेवलं असतं, तर मर्यादा कधी ओलांडली हे तुम्हाला कळलंही नसतं. क्लोरफेनिरामिनची बेरीज १८ मिलिग्रॅमच्या वर जाते. तुमच्या झोपेचा हिशेब त्यातच बराचसा लागतो. अशा अवस्थेत स्कूटर चालवू नये, हे वेगळं सांगायला नको.

हे माझं तर्कट नव्हे. व्हिटॅमिन सी यिन-छियाओच्या दुष्परिणामांबद्दल खुद्द चीनच्या औषध नियामक संस्थेने २०१०मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. लोक ती वनौषधी समजून वर दुसरी तापाची गोळी घेतात, अगदी तुम्ही घेतलीत तशी, हीच तिथली अडचण आहे.

म्हणून आज पहिलं काम : पाकीट शोधा, मागची बाजू मोबाइलच्या भाषांतर ॲपसमोर धरा आणि घटकांत पॅरासिटामॉल दिसतं का बघा. चिनी दुकानदाराला विचारायचं असेल तर त्या औषधाचं तिथलं नाव ‘तुइ-यीश्येन-आनचीफन’ असं काहीसं उच्चारतात. उच्चार जमला नाही तर ॲपमधले शब्दच दाखवा. पाकिटावर ओटीसीची (चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांची) लंबगोल खूण असते तीही बघा. हिरवी खूण त्यातल्या त्यात सौम्य गटाची. लाल खुणेचं औषध चिठ्ठीशिवाय मिळत असलं तरी औषधविक्रेत्याला विचारून घ्यायचं.

एवढं झाल्यावर मूळ औषधाकडे वळते, कारण आजींचं निदान चुकीचं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट त्यांनी अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं केलं.

आणि तुम्ही राहता ते गाव या औषधाच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे. चीनमध्ये तापाच्या आजारांवर जवळजवळ दीड हजार वर्षं एका ग्रंथाची छाया होती : इसवी सन २००च्या आसपास चांग चोंगचिंग यांनी लिहिलेला, थंडीने होणाऱ्या ज्वरांवरचा. त्यातली औषधं बहुतेक उष्ण. दालचिनीची कोवळी डहाळी, आलं, माहुआंग म्हणजे एफेड्रा. घाम काढायचा आणि थंडी बाहेर घालवायची. पण दक्षिणेकडच्या दमट, उबदार यांगत्से खोऱ्यात साथी येत, घसे लाल होत, ताप पहिल्या दिवसापासून चढे, आणि ही उष्ण औषधं देऊन रोगी आणखी बिघडत. सुझोऊचे वैद्य ये तिएनशी (१६६७–१७४६) यांनी अशा ज्वरांची वेगळी मांडणी केली : आजार आधी कातडी-फुप्फुसाच्या पातळीवर असतो, मग आत, मग आणखी खोल जातो, आणि प्रत्येक पातळीचं औषध निराळं.

त्याच प्रांतातल्या ह्वाययिनचे वू जुतोंग (१७५८–१८३६) हे त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले. वडील आजारात गेले तेव्हा हे एकोणीस वर्षांचे. परीक्षांचा अभ्यास सोडून वैद्यक वाचायला लागले. पुढे काही वर्षांत पुतण्या घशाच्या तापाने गेला. वैद्य आले, औषधं दिली, उपयोग झाला नाही. नंतर बीजिंगला बादशाही ग्रंथसंग्रहाच्या नकला करायचं काम मिळालं आणि तिथे त्यांना साथीच्या ज्वरांवरचा १६४२चा एक ग्रंथ वाचायला मिळाला. १७९३मध्ये राजधानीत साथ आली तेव्हा त्यांनी स्वतः रोगी हाताळले, आणि १७९८मध्ये आपला ग्रंथ लिहून काढला. यिन-छियाओ त्यातलं.

पाठ असा. हनीसकलच्या न उमललेल्या कळ्या आणि फोर्सिथियाची फळं, ही जोडी मुख्य, नावही त्यांच्यावरूनच. सोबत पुदिना, बर्डॉकचं बी, प्लॅटिकोडॉनचं मूळ, ज्येष्ठमध, चिंगचिए नावाच्या सुगंधी वनस्पतीचे तुरे, बांबूसारखी पानं आणि आंबवलेलं काळं सोयाबीन. सगळ्यांची भरड करायची आणि एका वेळेला सहा छ्यान, म्हणजे साधारण २२ ग्रॅम, बोरूसारख्या पाणगवताच्या ताज्या मुळाच्या पाण्यात उकळायची. वूंनी बजावून लिहिलंय : सुगंध दरवळला की लगेच उतरवा, जास्त उकळू नका. आपला काढा आपण चौथाई उरेपर्यंत आटवतो. इथे नेमकं उलट. पुदिना आणि चिंगचिए यांतली तेलं उडून जाणारी आहेत, आटवली की संपली. त्यांचं स्पष्टीकरण असं की शरीराच्या वरच्या भागाचा उपचार पिसासारखा हलका असावा, जड झाला की औषध खाली पोटात उतरतं. आजार जोरात असेल तर चार-चार तासांनी घ्यायचं, दिवसा तीनदा, रात्री एकदा.

हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की कारखान्यात दाबून केलेली कोरडी गोळी आणि हा उकळी फुटताच उतरवलेला, वाफाळता पेला यांत बरंच अंतर आहे. मला स्वतःला गोळीपेक्षा त्या पेल्याबद्दल अधिक आदर वाटतो. असो.

आजींनी जीभ का बघितली? चिनी वैद्यकात सर्दी-तापाचे सुरुवातीचे दोन मुख्य प्रकार. पहिल्यात हुडहुडी जास्त, घाम नाही, अंग ठणकतं, नाकातून पाण्यासारखं वाहतं, तहान नाही : हा वारा-थंडीचा. त्याला तिथे आल्याचं, तांबड्या साखरेचं गरम पाणी देतात. दुसऱ्यात ताप जास्त, थंडी नावाला, घसा लाल आणि दुखरा, तहान, जिभेचं टोक लाल, नाडी वरवर आणि जलद लागते : हा वारा-उष्णतेचा. यिन-छियाओ फक्त या दुसऱ्याला, आणि तेही अगदी सुरुवातीला. खोकला छातीत उतरला, कफ घट्ट झाला, ताप चढतच राहिला, तर वूंच्या मतेही त्याची वेळ गेली, पुढचं औषध घ्या. म्हणजे एकच पाकीट घरात ठेवून प्रत्येक शिंकेला दोन गोळ्या, हे चिनी परंपरेलाही मान्य नाही. दुकानात एक गंमत दिसेल : ‘कानमाओ छिंगर’ नावाची पूड. नावात उष्णता घालवण्याची भाषा, पण पाकिटावर उपयोग लिहिलाय तो वारा-थंडीच्या सर्दीसाठी. तेव्हा पाकिटाच्या दर्शनी नावावरून काही उचलू नका.

मग हे खरंच काम करतं का? तुम्ही दोन दिवसांत बऱ्या झालात त्यावरून काही ठरत नाही. साध्या विषाणूजन्य सर्दी-घशाचा जोर तसाही दोन-तीन दिवसांत ओसरतो, आणि ताप उतरवायला पोटात पॅरासिटामॉल भरपूर होतं. पण म्हणून यिन-छियाओला मोडीत काढावं असंही नाही. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत चीनच्या चार प्रांतांतल्या ११ रुग्णालयांत ४१० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०११मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला. काही औषध न घेतलेल्या गटातल्या निम्म्या जणांचा ताप २६ तासांत उतरला, ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध घेतलेल्यांतल्या निम्म्यांचा २० तासांत, यिन-छियाओ आणि आणखी एक जुना पाठ मिळून केलेल्या काढ्याचा १६ तासांत, दोन्ही घेतलेल्यांचा १५ तासांत. आकडे बरे आहेत. मात्र कोण काय घेतंय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना माहीत होतं, रुग्ण बहुतांशी तरुण आणि सौम्य आजाराचे होते, आणि त्या काढ्यात माहुआंगही होता, जो साध्या यिन-छियाओत नसतो. कोविडच्या काळात गाजलेलं ‘लियानहुआ छिंगवन’ही याच दोन पाठांच्या मिश्रणावर बेतलेलं आहे, आणि त्यातही माहुआंग आहे. बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्यापासून लांब राहावं. कोणी प्रेमाने देईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

माझं मत विचाराल तर, तुमच्यासारख्या निरोगी प्रौढ बाईने घसा जळायला लागल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत साधी, फक्त वनस्पतींची यिन-छियाओ घेतली, सोबत एकच तापाची गोळी ठेवली, तर माझी हरकत नाही. तिसऱ्या दिवशीही ताप असेल, गिळता येत नसेल, धाप लागत असेल तर गोळ्या बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नका.

मुलाचं उत्तर सोपं आहे : देऊ नका. व्हिटॅमिन सीवाली तर नाहीच. इतक्या लहान मुलांत क्लोरफेनिरामिनने कोणी गुंगतं, तर कोणी उलट बेचैन होतं, रात्रभर रडतं. आपल्याकडे डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं एकत्र औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असं पाकिटावर छापायला लावलं. तुमच्या गोळीत फिनाइलेफ्रिन नाही, तरी सर्दीची मिश्रणं लहानग्यांना नकोत हा धडा तोच. तिथे मुलांसाठी म्हणून गोड पुड्याही मिळतात, त्याही परस्पर नकोत. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉलचं सिरप, वजनाच्या हिशेबाने : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर. भारतातल्या आणि चीनमधल्या बाटलीत एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम हे वेगळं असू शकतं, ते वाचूनच मोजा. मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी होत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर रात्र असली तरी रुग्णालय.

साताऱ्याला पाकिटं आणू नका. औषधाच्या दर्जाबद्दल नव्हे, आपल्या तापाबद्दल बोलतेय. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप म्हणजे डेंग्यू असू शकतो, मलेरिया असू शकतो, चिखलपाण्यात वावरणाऱ्याला लेप्टो असू शकतो. या सगळ्यांची सुरुवात ‘अंग मोडून आलंय, कणकण आहे’ अशीच. परदेशातून आलेली गोळी हातात असली की माणूस दोन दिवस ‘बघू’ म्हणतो, आणि ते दोन दिवस महागात पडतात. नातेवाइकांना चहा आणा. सुझोऊजवळच्या तोंगतिंग डोंगरावरचा पी-लोछुन चांगला असतो, आणि त्याने कोणाचं रक्त-लघवी तपासणं लांबणार नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यासाठी कोणतीही यिन-छियाओ नको. ज्येष्ठमधाने शरीरात पाणी आणि मीठ साठतं, बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हा त्रास दुप्पट. यिन-छियाओत ज्येष्ठमध थोडंच असतं, पण त्यांनी ती जोखीम का घ्यावी? रक्त पातळ करायची गोळी कोणती तेही बघा. ती वॉरफरिन असेल, तर रोज घेतलेल्या पॅरासिटामॉलनेही आयएनआर (रक्त किती पातळ झालंय हे दाखवणारा आकडा) वाढू शकतो. त्या येण्याआधी त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी, घटकांच्या नावांसह, चिनीत करून ठेवा. घाईच्या वेळी तीच उपयोगी पडेल.

आणि ‘वाऱ्यावरचं’ हे ऐकून त्यांनी जो गुडघ्यांशी संबंध जोडला तो आपल्या वाताच्या सवयीने. आजींचा वारा बाहेरून येऊन घशा-नाकावर बसणारा. हनीसकल आणि पुदिन्याचा झिजलेल्या सांध्याला उपयोग नाही. खरी काळजी पुढची आहे. तुम्ही आजींना ‘सासूचे गुडघे दुखतात’ एवढं म्हणालात, तर त्या नक्की दुसरं काहीतरी काढून देतील, कारण सांधेदुखीवर चिनी वैद्यकात वेगळे, जुने पाठ आहेतच. त्यांपैकी काहींत तांगक्वेई नावाचं मूळ असतं, ते वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. काहींत बचनागाच्या जातीची मुळं असतात, शोधन नीट झालं नसेल तर थेट हृदयावर परिणाम करणारी. तेव्हा आजींना आधीच सांगून ठेवा की सासूबाई रक्त पातळ करायचं औषध घेतात आणि डॉक्टरांनी बाकी सगळ्याला मनाई केली आहे. मनाई माझ्या नावावर खपवा. गुडघ्यांसाठी त्यांचं वजन, एक्स-रे झाला असेल तर त्याचा अहवाल आणि जिना चढता-उतरताना नेमकं कुठे दुखतं, एवढं लिहून वेगळं पत्र पाठवा.